भाट्ये ते गावखडी : सुरूच्या सावलीत

आमच्या गावचे कबरस्तान समुद्राच्या कडेला आहे. वाडवडिलांनी जागा निवडली तेव्हा पाणी बरेच लांब असणार. आता पावसाळ्यातल्या उधाणाची लाट पश्चिमेच्या गडग्याला येऊन लागते. गेल्या दोन पावसाळ्यांत गडग्याचे दगड निखळून वाळूत गेले. त्या बाजूने मोजले तर अब्बांची कबर तिसऱ्या रांगेत आहे. दर जुम्म्याला फातेहा पढून परत फिरताना आम्हा भावंडांची नजर नकळत आधी गडग्याकडे जाते आणि मग पाण्याकडे.

डिसेंबरात जमातीची बैठक झाली. कुवेतला राहणाऱ्या गावच्या एका कुटुंबाने मरहूम वालिदांच्या ईसाले सवाबसाठी पैसे पाठवले होते. त्यातून कबरस्तानच्या समुद्राकडच्या बाजूला सुरूची तीनशे रोपे लावायची असे ठरले. सुरू लवकर वाढते, खाऱ्या वाऱ्याला दबत नाही, पाणी घालावे लागत नाही. हे सगळ्यांनाच माहीत आहे. "मास्तर, पाऊस पडला की शाळेतली पोरं घेऊन लावायचं काम तुमचं," असे सदरांनी सांगितले आणि आम्ही लगेच हो म्हटले. झाड लावणे ही सदका आहे, त्याचे फळ पाखराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून मिळते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात निघाला. एका मुलीने हात वर केला. "सर, सुरू म्हणजे ऑस्ट्रेलियन पाइन ना? अमेरिकेत फ्लोरिडात ते लावायला कायद्याने बंदी आहे. मग आपण का लावतोय?"

आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे आधी शब्दाच्या आडोशाला गेलो. मुलांना सांगितले की फारसीतला सर्व मराठीत येताना सुरू झाला. उर्दू शायरीत उंच, सडपातळ माशूकला सर्वकद म्हणतात, तो सर्व म्हणजे इराणच्या बागांतला सायप्रस. पाइनला उर्दूत सनोबर म्हणतात. हिमालयातला चीड त्याच घराण्यातला. आणि आपल्या किनाऱ्यावरचे सुरू सर्वही नाही, सनोबरही नाही. नाव एकाचे, रूप दुसऱ्याचे आणि जात तिसरीच.

मुले हसली. पण त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते, हे तिला कळले आणि आम्हालाही.

मधल्या सुट्टीत आम्ही विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी सांगितले की परदेशी झाड आपल्याकडे आणावे की नाही हे ठरवायची एक रीत आहे. ऑस्ट्रेलियात पी. सी. फेलुंग या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात ४९ प्रश्नांची एक यादी तयार केली. १९९७ पासून ते सरकार ती वापरते. झाड इतरत्र कुठे तण बनले आहे का? इथले हवामान त्याला मानवते का? बी किती धरते, ते वाऱ्याने जाते की पाखरांनी? त्याच्याखाली दुसरे काही उगवते का? ते आगीला वाव देते का? प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज एकपेक्षा कमी आली तर झाडाला परवानगी, सहाच्या वर गेली तर नकार, मधे राहिली तर आणखी तपास. या परीक्षेत जास्त गुण मिळवणारा नापास होतो, हे ऐकून वर्गातली शेवटची बाके फार खूश झाली.

मग ठरले. जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही, विज्ञानाचे सहकारी आणि वर्गातली चौदा मुले-मुली, सगळे मिळून किनाऱ्यावर जाऊन ही परीक्षा घ्यायची. डबे, पाण्याच्या बाटल्या, एक भिंग आणि प्रश्नांची वही एवढे सामान.

रत्नागिरी शहरातून राजिवड्याच्या बाजूने भाट्याच्या पुलावर आलो की डाव्या हाताला काजळी नदी आणि उजव्या हाताला समुद्र दिसतो. सकाळी भरतीच्या पाण्यावर होड्या परत येत होत्या. पूल ओलांडला की समोर भाट्याचा लांबच लांब किनारा आणि त्याच्या कडेने सुरूचे बन. झाडे रांगेत उभी आहेत, म्हणजे आपोआप उगवलेली नाहीत, माणसाने लावलेली आहेत, हे मुलांनी उतरताच ओळखले.

बनात शिरल्यावर पहिली गोष्ट कळते ती आवाजाची. वारा नसला तरी सुरूच्या शेंड्यांतून हलका सुस्कारा येत असतो. दुसरी गोष्ट पायांना कळते. खाली वाळू लागत नाही, तपकिरी पातेऱ्याची गादी लागते. मुलांना त्यावर लोळायचे होते. आम्ही आधी काम सांगितले.

प्रत्येकाने एक हिरवी काडी घ्यायची आणि भिंगाखाली धरायची. ज्याला आपण सुरूचे पान समजतो ती खरे तर बारीक फांदी असते. तिला पेरे असतात. हलके ओढले की आगगाडीचे डबे सुटावेत तशी ती पेऱ्यापेऱ्यावर सुटते. प्रत्येक पेऱ्याच्या तोंडाशी दातांसारखी इवलीशी खवले दिसतात, ती खरी पाने. इतकी लहान पाने ठेवल्यामुळे झाडाचे पाणी कमी उडते. पाइनच्या सुया खऱ्या पानांच्या असतात. हे झाड फुलझाडांच्या कुळातले आहे. खाली पडलेली काटेरी बोंडे पाइनच्या शंकूसारखी दिसतात म्हणून गोऱ्या लोकांनी त्याला पाइन म्हटले. शास्त्रीय नाव कॅज्युअरिना. कॅसोवरी नावाच्या मोठ्या पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून ते पडले.

एका मुलाने वाळलेले बोंड तळहातावर झटकले. पापुद्र्यासारखा पंख असलेल्या बिया बाहेर पडल्या आणि त्याने फुंकर मारायच्या आत वाऱ्याने नेल्या. किलोभर बियांत लाखो बिया भरतात. प्रश्नाच्या वहीत "बी भरपूर धरते" आणि "वाऱ्याने जाते" या दोन ओळींसमोर खुणा झाल्या.

"खाली दुसरे काही उगवते का?" या प्रश्नासाठी मुलांनी दोरीने चौकोन आखले. दाट पातेऱ्यात गवताची काडीही सापडेना. बनाच्या कडेला, जिथे ऊन पोहोचते, तिथे मर्यादवेल पसरली होती, थोडे गवत होते. सुरूची आपोआप उगवलेली रोपे बोटांवर मोजण्याइतकी मिळाली आणि तीही मोकळ्या, ओलसर जागेतच. म्हणजे हे झाड आपल्या सावलीत स्वतःच्या पिलांनाही वाढू देत नाही. सहकाऱ्यांनी सांगितले की इथे कशाचा रंग किती गडद आहे ते नीट बघा. कोकणात खरे पसरणारे परके तण म्हणजे रानमोडी आणि टणटणी. ती कोणी लावत नाही, तरी डोंगरच्या डोंगर भरतात. सुरू तसे पळत सुटलेले इथे दिसत नाही. ते जिथे आहे तिथे बहुतेक माणसाने नेऊन लावले म्हणून आहे.

बनात एक बाई पातेरा गोळा करत होत्या. खराट्याने ओढून गोणीत भरत होत्या. मुलांनी त्यांना सलाम केला आणि विचारले, हे झाड चांगले की वाईट?

"चांगलं नाही तर काय," त्या म्हणाल्या. "माझी सासू सांगायची, झाडं नव्हती तेव्हा वाऱ्यानं वाळू घरात यायची, भाकरीत कचकच लागायची. आता चुलीला पातेरा मिळतो, बोंडं मिळतात. सिलिंडर परवडतो का सगळ्या दिवसांना?"

वहीत यासाठी प्रश्नच नव्हता. आम्ही मुलांना पानाच्या मागच्या बाजूला लिहायला सांगितले.

त्या बाई खोटे बोलत नव्हत्या. सुरूचे लाकूड चांगले जळते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वेळी कारवारकडे आणि मद्रासच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली ती मुख्यतः जळणासाठी. मद्रासकडे तर आगगाडीच्या इंजिनांना ते लाकूड लागे. झाडाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांत फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात, म्हणून ते निकस वाळूतही वाढते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा कांदळवन आणि सुरूच्या बनाआडच्या गावांचे नुकसान कमी झाल्याचे दिसले. परके म्हणून एखाद्याला वाईट ठरवायचे तर आपल्याला काजूही सोडावा लागेल. तो पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला आणि आज रत्नागिरीच्या कितीतरी घरांची चूल त्यावर चालते. मिरचीही त्याच बाजूची. परका कोण आणि आपला कोण हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून कोणावर शिक्का मारण्याआधी त्याचे काम बघावे, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगितले.

भाट्याहून पावसची एसटी पकडली. गाडी चढ चढून सड्यावर आली. दोन्ही बाजूंना कातळ, मधे हापूसच्या बागा, मोहोर नुकता फुटत होता. रस्त्याच्या कडेला जागोजागी ऑस्ट्रेलियन आकेशियाच्या रांगा दिसल्या. मुलांना आता परके झाड ओळखायचा नाद लागला होता. खिडकीतून बोटे दाखवत ती परीक्षा घेत होती. गोळप गेले, पावस गेले. वाटेतल्या एका मशिदीत जोहर पढून, डबे खाऊन आम्ही पुढची गाडी धरली. पूर्णगडचा छोटा किल्ला मुचकुंदीच्या मुखाशी उभा आहे. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे गावखडी.

गावखडीचा किनारा शांत आहे. इथेही मागे सुरूचे बन आहे आणि पुढे मोकळी, स्वच्छ वाळू. त्या वाळूत एका जाळीच्या कुंपणाआड लहान लहान पाट्या रोवलेल्या होत्या. प्रत्येक पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची ही अंडी. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास हे काम सुरू केले. आता वनखाते आणि गावोगावचे कासवमित्र ते करतात. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. बापाचा पत्ता नाही, आई समुद्रात, आणि पिल्लाने स्वतःच पाण्याकडे चालत जायचे.

तिथल्या कासवमित्राने मुलांना वाळूत बसवून समजावले. मादीला भरतीच्या रेषेच्या वरची, कोरडी, मोकळी वाळू लागते. तिला मागच्या वल्ह्यांनी हातभर खोल खणता आले पाहिजे. "तुम्ही पाण्याच्या कडेपर्यंत झाडं लावलीत तर ती खणणार कुठे? मुळं आडवी येतात. आली तशी परत जाते बिचारी." मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. वाळू तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. घरट्यावर दाट सावली पडली तर तो हिशेब बदलतो.

फ्लोरिडाची गोष्ट इथे येऊन जुळली. तिथे लोकांनी वाऱ्याला आडोसा म्हणून, सावलीसाठी हेच झाड किनाऱ्यावर लावले. तिथे ते पसरत गेले, स्थानिक झाडे मागे हटली, कासवांच्या आणि मगरींच्या घरट्यांच्या जागा अडल्या. वाळूत त्याची मुळे फार खोल जात नाहीत, म्हणून वादळात झाडे मुळासकट आडवी होतात आणि जाताना वाळूही घेऊन जातात. शेवटी सरकारला लागवडीवर बंदी घालावी लागली. हवाईतही वर सांगितलेल्या परीक्षेत हे झाड मोठ्या धोक्याचे ठरले आहे. खऱ्या पाइनची कहाणी याहून निराळी नाही. दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंडमध्ये लाकडासाठी लावलेले पाइन डोंगरांवर पसरले. ते काढण्यासाठी दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये सरकारी मोहीम सुरू केली, कारण ती झाडे ओढ्यांचे पाणी पीत होती. लावणाऱ्यांपैकी कोणाचीच नियत वाईट नव्हती.

मुलांनी वाळूतच बेरीज केली. ती सहाच्या बरीच पुढे गेली. "नापास!" असा एकच गलका झाला. तेव्हा सहकाऱ्यांनी थांबवले. ही परीक्षा देशाच्या दारात उभ्या असलेल्या झाडासाठी आहे, ते म्हणाले. हे झाड तर दीडशे वर्षांपूर्वी घरात आले. आता आत घ्यावे की नाही हा प्रश्न संपला. आता विचारायचे ते हे, की घरात बसवायचे कुठे?

असरच्या सुमारास परतीची गाडी मिळाली. मुले पेंगत होती. आम्ही मात्र जागे होतो, कारण कबरस्तानच्या पश्चिमेची ती पट्टी डोळ्यांसमोर होती. बरोबर भरतीची रेषा आणि गडगा यांच्यामधली मोकळी वाळू. जिथे आम्ही तीनशे रोपे लावायला हो म्हणून बसलो होतो.

पुढच्या बैठकीत मुलांची वही घेऊन गेलो. मनात धाकधूक होती. देणगी आली होती, रोपवाटिकेत मागणी गेली होती, आणि ज्यांच्या नावाने झाडे लागणार ते वारलेले. अशा वेळी हरकत घेणारा माणूस सवाबात खोडा घालणारा ठरतो. आम्ही जे पाहिले ते सांगितले. एक-दोघांनी तोंड फिरवले. "कासवांसाठी आपल्या कबरी वाहून जाऊ द्यायच्या का?" असे एकाने स्पष्ट विचारले. प्रश्न रास्त होता. आमच्याच वालिदांची कबर तिसऱ्या रांगेत आहे, एवढेच आम्ही म्हटले.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले ऐंशीच्या घरातले चाचा बोलले. "आमच्या लहानपणी इथं कासव यायचं. कबरस्तानच्या खालच्याच वाळूत. आम्ही पोरं अंडी उकरून न्यायचो. अल्लाह माफ करो." थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तेच म्हणाले, "आणि गडग्याला तेव्हा उंडी होत्या. मोठ्या. उंडीचं तेल होडीला लावायचे, दिव्यात जाळायचे. तोडल्या कोणी, माहीत नाही. त्या असताना गडगा पडलेला आठवत नाही."

त्या एका आठवणीने जे केले ते आमच्या ४९ प्रश्नांनी केले नसते.

शेवटी ठरले ते असे. गडग्याबाहेरची वाळू मोकळी ठेवायची. तिथे फक्त मर्यादवेल आणि कडेला केवडा. गडग्याच्या आतून उंडी, भेंड आणि करंज, म्हणजे आपल्याच किनाऱ्याची झाडे. सुरूची तीनशेऐवजी शंभर रोपे घ्यायची आणि ती किनाऱ्यापासून दूर, दक्षिणेच्या बांधावर लावायची, जिथून वाऱ्याने वाळू घरांत येते. उंडी मोठ्या झाल्या की सुरू वाशांसाठी आणि जळणासाठी तोडायचे. आणि झाडांनी समुद्र थांबत नाही हेही मान्य करायचे. लाट खरोखर आत आली तर धूपप्रतिबंधक बंधाराच लागेल, त्यासाठी वेगळा अर्ज करायचा. तो केला आहे.

कुवेतच्या कुटुंबाला कळवायचे काम आमच्याकडे आले. दोन दिवस मजकूर लिहून खोडत होतो. त्यांचे उत्तर एका ओळीत आले. अब्बा होडीवाले होते, उंडी त्यांना जास्त आवडली असती.

जूनच्या पहिल्या पावसात मुलांनी रोपे लावली. उंडी हळू वाढते. वर्ष होत आले तरी ती गुडघ्यालाही आलेली नाहीत. बांधावरचे सुरू मात्र डोक्याच्या वर गेले आणि लोक ते दाखवून आम्हाला टोमणे मारतात. आम्ही ऐकून घेतो. या पावसाळ्यात गडग्याचे आणखी काही दगड गेले. ते जमातीच्या पोरांनी ओहोटीला वेचून परत रचले. वाळूवर मर्यादवेलीने पहिली जांभळी फुले धरली आहेत. कासव आले नाही, पण जागा मोकळी आहे.

अब्बांची कबर अजून तिसऱ्याच रांगेत आहे.